‘इतके पट भरला’ म्हणजे शेअर चांगला?

आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली जाहीर शेअरविक्री, उघडला की ठाण्यात तलावपाळीवर फिरणाऱ्यांचा एकच प्रश्न: “किती पट भरला?” 40 पट, म्हणजे विकायला काढलेल्या शेअरच्या 40 पट मागणी, ऐकलं की चालता चालताच मोबाइलवरून अर्ज. जास्त पट म्हणजे कंपनी भक्कम, हा समज साफ चुकीचा आहे.

तो आकडा मागणी सांगतो, धंदा नाही. आणि मागणी तरी कसली? शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या 2024 च्या अभ्यासात दिसलं, की वैयक्तिक गुंतवणूकदारांनी मिळालेल्या शेअरपैकी मूल्याने निम्मे, शेअर बाजारात आल्यावर (लिस्टिंग) आठवडाभरातच विकले. रांगेतल्या अनेकांना कंपनी नकोच असते, लिस्टिंगचा नफा हवा असतो. त्यात अर्जाचे पैसे आपल्याच खात्यात अडकवून ठेवतात, बचत खात्याचं व्याजही चालू. मग अर्ज टाकायला कुणाचं काय जातं?

रिलायन्स पॉवर आठवतोय? 2008 साली मागणी 70 पटींच्या आसपास, भाव 450 रुपये, आणि पहिल्याच दिवशी बंद झाला त्याच्या खाली.

(जास्त लॉट, म्हणजे शेअरचे ठरलेले गठ्ठे, मागितले की नशीब उघडतं, हेही खोटं. छोट्या गुंतवणूकदारांच्या किरकोळ गटात गर्दी झाली की सोडत निघते, तीही किमान एका लॉटचीच.)

बघायचंच तर माहितीपत्रकात बघा: पैसा कंपनीत जातोय, की जुने भागधारक ‘ऑफर फॉर सेल’मधून आपला हिस्सा विकून निघतायत?