खडीच्या वाटांवर सायकल: निघण्यापूर्वी वाचण्याचं माहितीपत्रक

आमच्याकडून मार्गाची फाइल किंवा सायकल घेणाऱ्या प्रत्येकासाठी हे पत्रक आहे. जंगलातल्या आणि शेताशिवारातल्या वाटेवर मागून येणाऱ्या ट्रकची धास्ती नसते. तिथे पंक्चर काढणारा, पाण्याचा नळ आणि फोनची रेंजही नसते. अशा वाटेवर जे बिघडतं त्यातलं बरंचसं टायरमधल्या चुकीच्या हवेमुळे नाहीतर जमिनीचा अंदाज चुकल्यामुळे बिघडतं. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

वाट कोणत्या जातीची आहे

‘वाहनमुक्त’ म्हटलं की त्यात फार वेगवेगळे रस्ते येतात. सगळ्यात सोपे म्हणजे रूळ काढून टाकलेले जुने रेल्वेमार्ग. आगगाडीला चढ झेपत नसे, त्यामुळे तिथला चढ सहसा शंभर मीटरला दोन मीटरच्या आतच असतो. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातला केटी ट्रेल (सुमारे ३८५ किमी) आणि न्यूझीलंडमधला ओटागो सेंट्रल रेल ट्रेल (१५२ किमी, २००० साली खुला झालेला) हे दोन्ही याच जातीचे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी अशाच वाटेपासून सुरुवात करावी. खोट एवढीच की उतार नसल्यामुळे पाय थांबवायला सवड मिळत नाही. चार तास अखंड पेडल मारल्यावर बूड आणि तळहात बोलायला लागतात. दर अर्ध्या तासाने मिनिटभर सीटवरून उठा आणि हँडलवर हाताची जागा बदला.

कालव्याकाठच्या वाटाही सपाटच असतात. पुलाखाली मात्र त्या अरुंद होतात आणि पलीकडून कोण येतंय ते दिसत नाही. घंटी वाजवून, चालण्याच्या वेगाने जा.

वनरस्ते हे बहुतेक ठिकाणी लाकूड वाहून नेण्यासाठी बांधलेले असतात. पाया भक्कम, रुंदी भरपूर, पण चढ दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. सर्वसामान्य वाहनांना ते बंद असले तरी कामाच्या गाड्या येतातच. ओंडक्यांनी भरलेला ट्रक खडीवर पटकन थांबत नाही आणि वळताना मागे निघालेली ओंडक्यांची टोकं वळणाच्या बाहेरच्या बाजूला झुकतात. इंजिनाचा आवाज आला की वळणावर थांबू नका. सरळ पट्टा गाठा आणि रस्त्यावरून पूर्ण खाली उतरा. रस्त्याकडेच्या ओंडक्यांच्या थप्पीवर बसू नका, फोटोसाठीही नाही.

उरल्या शेतातल्या गाडीवाटा. दोन चाकोऱ्या आणि मधे गवत. कोरड्या दिवसांत मजेच्या, पाऊस पडून गेल्यावर त्रासाच्या.

नकाशावर जमीन कशी वाचायची

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कच्च्या रस्त्यांना १ ते ५ अशी प्रतवारी दिलेली असते. १ म्हणजे डांबरी किंवा तितकाच घट्ट रस्ता. २ म्हणजे दाबून बसवलेली खडी. ३ मध्ये कठीण आणि मऊ निम्मं-निम्मं. ४ म्हणजे बहुतांशी माती आणि गवत, तर ५ म्हणजे निव्वळ मऊ जमीन. आम्ही मार्ग आखताना ३ पर्यंतचे तुकडे बिनधास्त घेतो, ४ चा तुकडा लहान असेल तरच घेतो आणि ५ टाळतो. ही प्रतवारी स्वयंसेवकांनी भरलेली असते. कुणी ती कोरड्या महिन्यात पाहून भरली असेल तर पावसात तीच २ ची वाट ४ सारखी वागते. ताजं उपग्रहचित्र उघडून पाहा: फिकट, एकसारखा पट्टा दिसला तर खडी, मधे हिरवी रेघ दिसली तर चाकोरी.

खडी-खडीतही फरक असतो. फोडलेल्या, कोनदार दगडाचे तुकडे एकमेकांत अडकून घट्ट बसतात. मॅकअ‍ॅडम या स्कॉटिश अभियंत्याची एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची रस्तेबांधणी याच गुणावर उभी होती. नदीतले गोल गोटे अडकत नाहीत, चाकाखाली घरंगळतात. त्यामुळे जाडी तीच असूनही गोट्यांच्या वाटेवर वेग निम्म्यावर येतो.

टायर आणि हवा

आमच्या सायकलींना ४० किंवा ४५ मिमी रुंदीचे टायर आहेत. डांबरी रस्त्याच्या सवयीने लोक हवा ठासून भरतात आणि मग हात बधिर झाले, सायकल उड्या मारते अशी तक्रार करतात. कडक टायर प्रत्येक खड्यावर उचलला जातो आणि पुढे जायची ताकद वर-खाली होण्यात वाया जाते. थोडा मऊ टायर खडा पोटात घेतो आणि जमीन धरून चालतो.

ट्यूबविरहित ४० मिमी टायरसाठी सुरुवातीचे आकडे असे: तुमचं वजन ६० किलो असेल तर पुढे २६ आणि मागे २९ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), ७५ किलोला ३० आणि ३३, ९० किलोला ३५ आणि ३८. टायर ४५ मिमीचा असेल तर यातून चार कमी करा. आत ट्यूब असेल तर पाच वाढवा, कारण मऊ टायर दगडावर आपटला की ट्यूब रिम आणि दगड यांच्यात चिमटली जाते. तसं झालं की शेजारी-शेजारी दोन बारीक चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. अशा दोन चिरा दिसल्या तर काटा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढंच समजा.

पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबून पाहा. रिम दगडाला ‘ठक्’ करून लागत असेल किंवा वळणावर टायर कुशीत दुमडल्यासारखा वाटत असेल तर दोन पीएसआय वाढवा. हँडल थरथरत असेल तर दोन उतरवा. एका वेळी दोनच. मोठ्या पंपावरचा काटा कमी दाबाला नीट दाखवत नाही. छोटा डिजिटल गेज वापरा आणि दर वेळी तोच वापरा.

ट्यूबविरहित टायरमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारं द्रव, असतं. ४० मिमीच्या टायरला ६० ते ९० मिली पुरतं. ते दोन ते सहा महिन्यांत वाळतं, उन्हाळ्यात लवकर. चाक कानाजवळ धरून हलवा. आत पाणी डुचमळल्यासारखा आवाज आला नाही तर सीलंट संपलं आहे.

वाटेत हवा गेली तर

काटा टोचून फसफस आवाज येत असेल तर काटा उपटा, छिद्र खाली येईल असं चाक फिरवा आणि मिनिटभर थांबा. सीलंट छिद्रापाशी जमून ते बहुतेक वेळा बंद करतं. छिद्र मोठं असेल तर दुरुस्तीच्या किटमधली चिकट वात सुईने आत खुपसा, साधारण एक सेंटिमीटर टोक बाहेर राहू द्या, सुई झटक्यात ओढून काढा आणि हवा भरा. टोक लगेच कापू नका, पुढच्या किलोमीटरमध्ये ते आपसूक झिजतं.

टायर चिरला असेल तर ट्यूब घालण्याशिवाय इलाज नाही, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. सीलंट चोख काम करत असल्यामुळे आधीचे पाच-सहा काटे टायरमध्ये तसेच रुतून बसलेले असतात आणि तुम्हाला त्यांचा पत्ताही नसतो. ट्यूब घालून हवा भरली की त्यातला एखादा लगेच तिला भोसकतो. म्हणून आधी टायरच्या आतून कापडाचा तुकडा सगळीकडे फिरवा. कापड जिथे अडकेल तिथला काटा आतूनच बाहेर ढकला. बोट फिरवू नका, बोटाला टोचेल. चिरीखाली प्लॅस्टिकच्या जाड पाकिटाचा दुमडलेला तुकडा ठेवला तर ट्यूब तिथून बाहेर फुगत नाही. ट्यूब घालण्यापूर्वी रिममधला जुना व्हॉल्व्ह काढावा लागतो, त्यासाठी त्याची चकती हातानेच सुटायला हवी. घरी पक्कडीने घट्ट केलेली चकती जंगलात सुटत नाही.

चढ, उतार आणि पन्हळी रस्ता

पुढे ४० दाती आणि मागे ४२ दाती चक्र असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम २.१ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग होतो ताशी साडेसात किमी. सायकलीसकट ९० किलो वजन दहा टक्के चढावर याच वेगाने न्यायला सुमारे २०० वॅट लागतात, आणि एवढी ताकद तासभर टिकवणं नवख्याला जमत नाही. सामान लादून जाणार असाल तर पुढचं चक्र याहून लहान मागा. सुट्या खडीच्या चढावर सीटवरून उठू नका, मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरतं. सीटच्या टोकावर सरका, कोपरं खाली घ्या.

उतारावर वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात पुढचा ब्रेक दाबला की खडीवर पुढचं चाक घसरतं, आणि घसरलेलं पुढचं चाक सावरणं फार थोड्यांना जमतं. ओल्या लाकडी पुलावर आणि उघड्या मुळांवर ब्रेकही नको आणि हँडल वळवणंही नको. सरळ जा. चाकोरीत सापडलात तर नजर चाकावर न ठेवता बाहेर पडायच्या जागेवर ठेवा.

कच्च्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा दिसतात. २००७ साली तीन भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगांवरून दाखवलं की एका ठरावीक वेगाच्या वर कोणतंही चाक सुट्या मातीत अशा लाटा पाडतं, त्यासाठी गाडीला स्प्रिंग असण्याचीही गरज नसते. गाड्या जिथे ब्रेक मारतात किंवा वेग घेतात तिथे त्या ठळक होतात, म्हणजे वळणांच्या तोंडाशी आणि चढांवर. अगदी कडेला पट्टा बहुधा सपाट सापडतो. हँडल सैल धरा.

चिखल

चिकणमाती चाकाबरोबर वर चढते आणि फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुशाखी भागात) थर साचत जाऊन चाक थांबतं. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना सहा मिमी तरी मोकळी जागा हवी. तरीही चाक अडकलंच तर पेडलवर जोर देऊ नका, मागचा डेरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) मोडतो. उतरा, काडीने माती खरवडा, सायकल गवतावरून ढकला. अमेरिकेत कॅन्ससमधल्या अनबाउंड ग्रॅव्हल शर्यतीत अनुभवी स्वार रंग ढवळायची चपटी पट्टी खिशात ठेवतात. ती आमच्या किटमध्येही आहे. जोराच्या पावसानंतर एक दिवस थांबलेलं बरं. ओल्या वाटेवर पाडलेली चाकोरी वाळली की महिनोन् महिने तशीच राहते.

वेळ, पाणी, संपर्क

डांबरी रस्त्यावर तुमचा वेग ताशी २२ असेल तर चांगल्या खडीवर १७ धरा, चढउताराच्या सुट्या खडीवर १३. थांबे वेगळे. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं. ओढ्याचं पाणी फिल्टरमधून गाळल्याशिवाय किंवा उकळल्याशिवाय पिऊ नका. नकाशा आणि जीपीएक्स फाइल (मार्गाची फाइल) आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. रेंज शोधत राहिलेला फोन बॅटरी खातो, म्हणून तो विमान मोडवर टाका, जीपीएस तरीही चालतं.

पायी चालणाऱ्यांना आणि घोड्यांना मागून गुपचूप ओलांडू नका. घोडा दिसला की लांबूनच आवाज द्या, स्वाराचं उत्तर येईपर्यंत थांबा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून जा: उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. वणव्याच्या दिवसांत, शिकारीच्या हंगामात किंवा तोडीच्या काळात मार्ग बंद असू शकतो. तिथला फलक आमच्या फाइलपेक्षा मोठा.

सायकल उजव्या कुशीवर पडली तर

लगेच पेडल मारू नका. मागे उकिडवं बसून पाहा, डेरेलरचा पिंजरा (चेन धरणारा खालचा भाग) मागच्या चक्रांना समांतर आहे का. खालचं टोक चाकाकडे झुकलं असेल तर हँगर, म्हणजे डेरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकला आहे. अशा वेळी सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन नेली की डेरेलर आऱ्यांत शिरतो आणि चाक, चेन, डेरेलर एकदम जातं. मोठी दोन चक्रं सोडून उरलेल्यांवर सावकाश परत या. सुटा हँगर सीटखालच्या पिशवीत आहे, सोबत चार आणि पाच मिमीच्या ॲलन की. बदलायचा आत्मविश्वास नसेल तर तसंच राहू द्या.

सायकल परत आणताना धुतलीत तर बरं, पण जोरदार फवाऱ्याने नको. चाकाच्या आणि पेडलच्या बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि चुनखडीची धूळ आत जाऊन बसते. बादली आणि ब्रश पुरे.