निवडुंग आणि कॅक्टस: एका नावाखालची दोन कुळे

जानेवारीतल्या एखाद्या सकाळी गोव्यात बार्देशातल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, निसर्गफेरी घेऊन निघालो की पहिल्या अर्ध्या तासातच कोणीतरी जांभ्याच्या गडग्याकडे, म्हणजे दगडी बांधाकडे, बोट दाखवते आणि विचारते, "दादा, हा कॅक्टस ना?" गडग्याला लागून पुरुषभर उंचीची, मांसल हिरव्या खोडांची काटेरी वई, म्हणजे झाडांचे कुंपण, उभी असते. पाने जवळजवळ गळून गेलेली असतात आणि खोडांवर धारा स्पष्ट दिसत असतात. मी विचारतो, "मराठीत याला काय म्हणाल?" उत्तर येते, "निवडुंग." हे उत्तर बरोबर असते आणि आधीचे चुकलेले असते, हे मात्र प्रश्न विचारणाऱ्याला पटायला पुढचा तास जातो, कारण निवडुंग म्हणजेच कॅक्टस असे आपण शाळेपासून ऐकत आलेलो असतो.

गोंधळाचे मूळ असे आहे की मराठीतला 'निवडुंग' हा शब्द दोन वेगळ्या कुळांतल्या झाडांना लावला जातो. थोर, वईनिवडुंग आणि तीनधारी निवडुंग ही चिकाची झाडे युफोर्बिया या प्रजातीतली असून तिचे कूळ युफोर्बिएसी, म्हणजे एरंडाचे आणि रबराचे कूळ आहे. पेन्सिलीसारख्या गोल, बिनकाट्याच्या फांद्यांचा शेरही त्यांचाच भाऊबंद. दुसऱ्या बाजूला आहे फड्या निवडुंग, ज्याचे चपटे, लंबगोल तुकडे नागाच्या फण्यासारखे एकावर एक चढत जातात. हा खरा कॅक्टस असून त्याचे कूळ कॅक्टेसी आहे. या कुळात दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतली एक वगळता सगळ्यांचे मूळ अमेरिका खंडांत आहे. अपवाद आहे तो दुसऱ्या झाडांवर लोंबत वाढणाऱ्या ऱ्हिप्सॅलिसच्या एका जातीचा, जी आफ्रिकेत आणि श्रीलंकेतही निसर्गतः आढळते. याचा सरळ अर्थ असा की पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपची जहाजे अमेरिकेला जाऊन पोहोचेपर्यंत आपल्याकडे कुंपणाला लावायला कॅक्टस उपलब्धच नव्हता, आणि चरक व सुश्रुत ज्या स्नुहीबद्दल लिहितात ती स्नुही म्हणजे चिकाचा थोरच. तेव्हा घरचा मालक थोर आहे आणि फड्या हा मागाहून आलेला पाहुणा आहे, असे मी फेरीत सांगतो. पाहुण्याला मालकाचे आडनाव मिळाले आणि पुढे लोक मालकालाच पाहुणा समजू लागले.

हाच गोंधळ जगभरच्या वाळवंटी वनस्पतिउद्यानांत रोज सोडवला जातो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात १९३९ साली खुले झालेले डेझर्ट बोटॅनिकल गार्डन आहे, जिथे प्रशिक्षित स्वयंसेवक लोकांना फिरवून झाडे दाखवतात. तिथला मानकरी म्हणजे सग्वारो हा खांबासारखा उंच कॅक्टस, जो दीडशे वर्षांहून अधिक जगतो आणि ज्याला पहिली बाजूची फांदी फुटायलाच साधारण ५० ते ७५ वर्षे लागतात. आपल्या देशात पंचकुला येथे १९८७ पासून सुमारे सात एकरांत कॅक्टस आणि इतर मांसल वनस्पतींचे उद्यान आहे. मला स्वतःला मात्र जोधपूरचे राव जोधा डेझर्ट रॉक पार्क अधिक शिकवणारे वाटते. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याच्या ज्वालामुखीजन्य खडकावर माजलेली विलायती बाभूळ उपटून काढून तिथे थरच्या वाळवंटातली मूळची झाडे पुन्हा लावली गेली. त्या खडकावर जागोजागी उभा असलेला थोर लांबून अगदी मेक्सिकोतल्या कॅक्टसच्या झुडपासारखा दिसतो आणि तरीही तो पूर्णपणे तिथलाच, भारतीय उपखंडाचा रहिवासी आहे.

ओळख पटवण्यासाठी मी काट्यापासून सुरुवात करतो, कारण त्यासाठी झाडाला इजा करावी लागत नाही. दहा पट मोठे दाखवणारे एक साधे भिंग पुरते. थोराच्या धारेवर पाहिले तर काटे जोडीने असतात, बैलाच्या शिंगांसारखे दोन बाजूंना वळलेले, आणि त्या दोन काट्यांच्या जवळच गळून पडलेल्या पानाचा वण दिसतो. पानाच्या देठाशी दोन्ही बाजूंना जी छोटी उपपर्णे असतात, त्यांचेच हे काटे झालेले असल्यामुळे ते दोनच असतात आणि पानाच्या जागेला धरून असतात. आता भिंग फड्याकडे न्यावे. त्याच्या तुकड्यावर ठरावीक अंतराने लोकरीच्या बारीक गादीसारखे ठिपके दिसतात आणि प्रत्येक गादीतून काट्यांचा झुबका निघतो. या गादीला वनस्पतिशास्त्रात 'ॲरिओल' म्हणतात. ती खरे तर आखडून बसलेली एक बारीक फांदी आहे आणि काटे ही तिची पाने आहेत. फूल त्याच गादीतून येते आणि नवा तुकडाही तिथूनच फुटतो. गादी असेल तर कॅक्टस, नसेल तर दुसरे काहीतरी, या एका कसोटीवर मी माझे सगळे वजन टाकीन. ज्या कॅक्टसला काटे नसतात त्यालाही ही गादी असते.

फड्याच्या गादीत मोठ्या काट्यांखेरीज केसाहून बारीक, उलट्या दातांची कुसळे असतात, हे मी पुस्तकात वाचले होते, तरी एकदा पिकलेले जांभळट बोंड नुसत्या हाताने तोडलेच. कुसळे डोळ्यांना दिसत नव्हती आणि बोटे मात्र दोन दिवस कशालाही टेकवता येत नव्हती. शेवटी चिकटपट्टी लावून ओढल्यावर बरीचशी निघाली. तेव्हापासून फेरीच्या आरंभीच सर्वांना हात पाठीमागे बांधून पाहायला सांगतो.

दुसरी खूण चिकाची, आणि ती सर्वांना ठाऊक असली तरी तीच सर्वांत धोक्याची आहे. थोर किंवा शेर जरासा खरचटला तरी दुधासारखा पांढरा चीक भराभर वाहू लागतो. फड्या कापला तर पाण्यासारखा बुळबुळीत रस येतो. या नियमालाही अपवाद आहे, कारण मॅमिलेरिया या लहान गोल कॅक्टसच्या काही जातींमध्ये पांढरा चीक असतो. मुख्य मुद्दा मात्र असा की युफोर्बियाच्या चिकाने कातडी भाजल्यासारखी होते आणि तो डोळ्यांत गेला तर बुबुळाला सूज येऊन काही काळ दिसेनासेही होऊ शकते. वई छाटणाऱ्या माणसाने घाम पुसायला हात वर नेला, एवढे त्याला पुरते. असे झाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने लगेच आणि बराच वेळ डोळे धुवावेत आणि थेट डॉक्टरांकडे जावे. आयुर्वेदाच्या शल्यचिकित्सेत भगंदरावर वापरल्या जाणाऱ्या क्षारसूत्राला, म्हणजे औषधी दोऱ्याला, हाच स्नुहीचा चीक लावतात: दोऱ्यावर एकूण २१ लेप, त्यांतले पहिले ११ नुसत्या चिकाचे. जो पदार्थ मांस कापत जावे म्हणून वैद्य जपून वापरतात, तो ओळख पटवण्यासाठी फांदी मोडून पाहण्याचा विषय नव्हे.

फूल पाहायला मिळाले तर मग वादच उरत नाही. कॅक्टसचे फूल मोठे, एकेकटे, पाकळ्यांच्या अनेक फेऱ्यांचे, मध्ये पुंकेसरांची दाटी असलेले असते, आणि त्याचे फळ रसाळ, शेकडो बारीक बियांचे असते. ड्रॅगन फ्रूट कापून पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको, कारण तेही कॅक्टसचेच फळ आहे. युफोर्बियाचे 'फूल' ही मात्र एक बनवाबनवी आहे. ज्याला आपण फूल म्हणतो ती एक छोटी पेली असते, जिच्या मधोमध एकच मादीफूल, म्हणजे निव्वळ एक बीजांडकोश, देठावर उभे असते आणि त्याच्या भोवती एकेका पुंकेसराची कितीतरी नरफुले असतात. पाकळी कुणालाच नाही. पेलीच्या काठावरच्या ग्रंथींमधून मध पाझरतो आणि रंगाचे काम शेजारची पाने करतात. गोव्यात नाताळाच्या आधी दारोदारी कुंड्यांमधून दिसणारे लाल पॉइनसेटियाही युफोर्बियाच आहे. त्याची लाल 'फुले' म्हणजे पाने आहेत आणि खरी फुले मध्यभागी पिवळट मण्यांसारखी बसलेली असतात. पॉइनसेटिया मूळचे मेक्सिकोचे आहे, त्यामुळे अमेरिकेतले ते सर्व कॅक्टस अशी उलटी समजूतही करून घेऊ नये. युफोर्बियाच्या जाती सुमारे दोन हजार असून त्या जगभर पसरल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच तर आपल्या अंगणातल्या दुधी नावाच्या रोपट्यासारख्या (दुधी भोपळा नव्हे) साध्या, बिनकाट्याच्या तणाच्या रूपात वाढतात.

मग इतके दूरचे नातेवाईक इतके सारखे का दिसतात? दोघांपुढे अडचण एकच होती: पाऊस थोडे दिवस पडतो आणि पुढचे कित्येक महिने पडत नाही. तेव्हा दोघांनीही पाने टाकून दिली किंवा कमी केली, खोडातच पाणी साठवले, खोडालाच हिरवे करून त्याच्याकडून पानांचे काम करून घेतले आणि साठा राखायला काटे नेमले. खोडावरच्या धाराही त्यासाठीच आहेत, कारण पाणी भरले की त्या भात्यासारख्या उघडतात आणि संपले की मिटतात. दोघेही दिवसा रंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतात. याच युक्तीची एक खूण भारतातच टिपली गेली होती. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीचे पान पहाटे चाखले तर आंबट लागते आणि दिवस वर आल्यावर बेचव होते, असे नोंदवले आणि ती नोंद १८१५ साली प्रसिद्ध झाली. पानफुटीवर हा प्रयोग कोणी करून पाहावा. थोरावर मात्र चुकूनही नको. राहिला प्रश्न गोव्याचा, जिथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पण सड्यावर मातीचा थर बोटभरही नसतो, जांभ्यावरून पाणी वाहून जाते, आणि ऑगस्टमध्ये 'सीतेची आसवे' या चिमुकल्या फुलांनी निळा झालेला तोच सडा मार्चमध्ये अनवाणी चालवत नाही. चार महिने पाणथळ आणि बाकीचा काळ वाळवंट अशा जागी थोराचे भागते.

या दोघांतला फरक माणसाआधी एका किड्याने ओळखला होता, आणि ती हकीकत मला या सगळ्या विषयातली सर्वांत गमतीची वाटते. किरमिजी रंग कॅक्टसवर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून मिळत असे आणि त्यात पैसा चांगला होता. ईस्ट इंडिया कंपनीलाही तो धंदा भारतात हवा होता. १७९५ साली ब्राझीलहून किडा आणला गेला, पण आणणाऱ्यांनी ज्याला खरा कोचिनील समजले तो त्याचा दिसायला सारखा असलेला दुसराच भाऊबंद निघाला. रंग हलका निघाला आणि धंदा बसला. किड्याने मात्र त्या काळी उत्तर आणि मध्य भारतात माजलेल्या एका जातीच्या फड्याचा फडशा पाडला. ते पाहून १८३६ ते १८३८ या काळात तो मुद्दाम दक्षिणेत नेऊन सोडला गेला. तण मारण्यासाठी कीटक वापरण्याचे हे जगातले अगदी आरंभीचे उदाहरण मानतात. पुढे १९२६ साली फड्याच्या दुसऱ्या जातीसाठी श्रीलंकेतून आणखी एक किडा आणावा लागला, कारण पहिला तिला तोंड लावत नव्हता. या साऱ्या धुमाकुळात थोराच्या वया जशाच्या तशा उभ्या राहिल्या, कारण हे किडे कॅक्टसवरच जगतात. फड्यावर आजही कुठे कापसाचे पुंजके चिकटल्यासारखे दिसले तर ते काडीने चिरडून पाहावेत, काडीला गडद लाल रंग लागतो.

घरच्या कुंड्यांना या कसोट्या लावल्या की आणखी गंमत होते. वर्षातून काही मोजक्या रात्री फुलणारे आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवले जाणारे आपले 'ब्रह्मकमळ' हे मेक्सिकोकडचे बिनकाट्याचे कॅक्टस आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातले आहे. उलट ज्याच्यावर मोजायला बसलो तर संपणार नाहीत इतके काटे असतात, ते दारापुढचे लाल-गुलाबी फुलांचे 'काट्यांचा मुकुट' नावाचे झाड मादागास्करचे युफोर्बिया आहे. म्हणजे काट्यांवरून कॅक्टस ठरवणारा माणूस दोन्हीकडे चुकतो.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतलेले एक लहान गोल कॅक्टस मी एका वर्षी बल्कांवच्या, म्हणजे घरापुढच्या पडवीच्या, कठड्यावर ठेवले होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ते वरून हिरवेगार दिसत असताना बोट लावले तर आत गेले. मुळापासून कुजले होते. त्याच कठड्याखाली, त्याच पावसात, थोराच्या शेंड्यांना हाताएवढी नवी पाने फुटली होती.