वाड्यातली कुणबीण

पेशवाईवरच्या कादंबऱ्यांत एक पोरसवदा दासी हमखास भेटते. मालकिणीचे निरोप पोचवते, मालकाच्या नजरेत भरते, कारस्थानात वापरली जाते आणि काम झाले की वाऱ्यावर सोडली जाते. लेखक तिला बहुधा पगारी मोलकरणीसारखी रंगवतात. नको झाले तर निघून जाईल अशी. ती निघून जाऊ शकत नव्हती. ती कुणबीण होती, म्हणजे गुलाम बाई, मालकाच्या मालमत्तेत धरलेली.

या बाया वाड्यात येत कुठून? दुष्काळात आईबापांनीच विकलेल्या पोरी, स्वाऱ्यांत धरून आणलेल्या बायका, कुणबिणींच्या पोटी जन्मलेल्या मुली. शिवाय बदकर्माचा, म्हणजे व्यभिचाराचा, ठपका ठेवून सरकारनेच गुलाम केलेल्या. त्याच गुन्ह्यात पुरुष बहुधा दंड भरून सुटे. बाई मात्र सरकारजमा होऊन कोठीत, पागेत, नाहीतर एखाद्या किल्ल्यावर दळणकांडणाला जाई. लेकीच्या लग्नात कुणबीण आंदण देत, मर्जीतल्या माणसाला बक्षीसही देत. मालकापासून तिला मूल झालेच, तर ते लेकावळे. औरस मुलांच्या पंक्तीला त्याला जागा नसे. म्हणजे कादंबरीत जो विश्वासघात शेवटच्या प्रकरणात घडतो, तो हिच्या बाबतीत वाड्याचा उंबरा ओलांडण्याआधीच झालेला असे.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबांना बिलगलेल्या पेशव्यांना ओढून काढणारा खिजमतगार तुळाजी पवार सगळ्यांना ठाऊक असतो. धन्यावर उलटलेला नोकर, त्यामुळे कथेला फार सोयीचा. त्याच दिवशी मारल्या गेलेल्यांत दोन कुणबिणीही होत्या. त्यांच्यावर कुणी प्रकरण खर्ची घातलेले माझ्या तरी वाचनात नाही.

पेशवाई १८१८ मध्ये बुडाली, पण कुणबिणी लगेच सुटल्या नाहीत. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामांवरचा मालकी हक्क कोर्टात मानायचे थांबवले. कुणबीण पळाली तर तिला परत मिळवण्यासाठी मालकाला आता कोर्टाची मदत मिळेना, इतकेच. गुलाम म्हणून माणसाची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा ठरला तो १८६० च्या दंडसंहितेत, आणि ती लागू झाली १८६२ मध्ये. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बेतलेल्या कादंबरीतही अशी पोर दिसली, तर ते कालविसंगत मानायचे कारण नाही.