चावरं कुत्रं आणि थायरॉइडची गोळी

शेजारचा लॅब्राडॉर हल्ली घरच्यांवरच गुरगुरतो. आधी दृष्ट काढून झाली. मग व्हॉट्सअॅपवर निरोप आला: चावरेपणाचं मूळ थायरॉइडमध्ये. रक्त तपासलं, टी-४ (थायरॉइड ग्रंथीचं मुख्य संप्रेरक) कमी निघालं आणि घरादाराचा जीव भांड्यात पडला. माझा नाही पडला. त्या कुत्र्याला फिट्ससाठी फिनोबार्बिटल चालू आहे, आणि ते औषध धडधाकट थायरॉइडच्या कुत्र्याचंही टी-४ खाली आणतं.

या आकड्याची गंमत समजून घेण्यासारखी आहे. रक्तातलं जवळजवळ सगळं टी-४ प्रथिनांना चिकटून फिरतं, पेशींच्या कामी येतं ते फक्त सुटं. माणसाकडे त्याला घट्ट धरून ठेवणारं प्रथिन भरपूर असतं, म्हणून आपल्या रक्तातलं टी-४ निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. कुत्र्यात ही पकड सैल असते, तिथे अर्धा दिवस पुरतो. म्हणूनच थायरॉइड मंदावलेल्या ७० किलोच्या माणसाला गोळीतून दिवसाला शंभर-सव्वाशे मायक्रोग्रॅम टी-४ पुरतं, तर ३० किलोच्या कुत्र्याला सुरुवातीला ६०० मायक्रोग्रॅम, तेही दिवसातून दोनदा! ज्याचा साठाच इतका तुटपुंजा, त्याचा आकडा कशानेही घसरतो: स्टेरॉइडने, कुठल्याही मोठ्या आजाराने. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींत तर तो मुळातच कमी असतो. म्हणून टी-४ सोबत टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक, थायरॉइड मंदावला की ते वाढायला हवं) आणि सुटं टी-४ पाहायचं. त्यातही मेख अशी की थायरॉइड खरोखर मंदावलेल्या बऱ्याच कुत्र्यांत टीएसएच वाढलेलं दिसतच नाही.

खरा हायपोथायरॉइड, म्हणजे थायरॉइड मंदावलेला, कुत्रा बहुधा मध्यमवयीन, सुस्त, खाणं न वाढताही जाड झालेला, शेपटीचे केस झडलेला. तो भांडायला उठण्यापेक्षा पडून राहतो. अमेरिकेत २०१२ साली घरच्यांवर धावून जाणारी ३१ आणि शांत ३१ कुत्री ताडून पाहिली, तेव्हा थायरॉइडच्या आकड्यांत उपचाराची दिशा बदलावी असा फरक सापडला नाही. गोळीने एखादा कुत्रा सुधारतोही, पण त्याच महिन्यात मालकही त्याच्याशी जपून वागू लागलेला असतो. त्यातलं श्रेय गोळीचं किती?

आमचा लॅब्राडॉर, नीट पाहिलं तर, मागच्या पायाला हात लागला की गुरगुरतो. एक्स-रे अजून काढलेला नाही.