फादर हेन्री नाउवेन : टोपेका ते डेब्रेक

फादर हेन्री नाउवेन यांची गोष्ट बहुधा एकाच वळणावरून सांगितली जाते. येल आणि हार्वर्डला शिकवलेला नामवंत प्राध्यापक १९८६ साली सगळे सोडून कॅनडात बौद्धिक दिव्यांग माणसांसोबत राहायला गेला. त्यागाची कथा म्हणून प्रवचनात ती रंगतेही. पण नाउवेन स्वतः जे लिहून गेले, ते वाचल्यावर त्याग हा शब्द फारसा पटत नाही. ते घर शोधत होते. आणि हा शोध कॅनडाच्या खूप आधीचा होता.

जन्म २४ जानेवारी १९३२, नेदरलँड्समधल्या नायकर्क गावी. १९५७ मध्ये उट्रेख्तला गुरुदीक्षा झाली, म्हणजे ते कॅथलिक धर्मगुरू झाले. पुढे ईशज्ञान शिकायला रोमला पाठवण्याचा आर्चबिशप आल्फ्रिंक यांचा विचार होता. या तरुण धर्मगुरूने त्याऐवजी मानसशास्त्र मागून घेतले. धर्म हा भ्रम, असे फ्रॉइड म्हणून गेले होते आणि चर्चमधल्या अनेकांना मनोविश्लेषणाचे वावडे होते. अशा वेळी निजमेगेनच्या कॅथलिक विद्यापीठात त्यांनी सात वर्षे काढली.

तिथे त्यांना ओढून घेतले ते अँटन बॉयसन या अमेरिकन प्रोटेस्टंट पाळकाने. बॉयसन १९२० मध्ये तीव्र मनोविकाराने आजारी पडून मनोरुग्णालयात दाखल झाले होते. बरे झाल्यावर मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात ते पाळक म्हणून रुजू झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी ईशज्ञानाचे विद्यार्थी थेट वॉर्डात आणून बसवले. पुस्तकांइतकाच माणूसही वाचायचा असतो, तो जिवंत दस्तऐवज आहे, असे त्यांचे म्हणणे. इस्पितळात पाळकांना प्रशिक्षण देण्याची आजची पद्धत बरीचशी तिथून निघाली. नाउवेन यांनी बॉयसनवर प्रबंध लिहिला. विद्यापीठाला तो पुरेसा शास्त्रीय वाटला नाही आणि डॉक्टरेट हुकली. मला यात नवल वाटत नाही. आकडेवारीत न बसणारेच त्यांना बॉयसनमध्ये दिसले होते : स्वतःची जखम लपवून दुसऱ्याची जखम बांधता येत नाही.

१९६४ ते १९६६ ते कॅन्ससमधल्या टोपेका शहरी, मेनिंजर फाउंडेशनच्या धर्म आणि मनोचिकित्सा अभ्यासक्रमात होते. पुढे नोत्र दाम विद्यापीठात मानसशास्त्र शिकवले आणि १९७१ पासून दहा वर्षे येलमध्ये. १९७२ चे ‘द वुंडेड हीलर’ (जखमी उपचारक) हे त्यांचे गाजलेले पुस्तक याच मुशीतले. मधे न्यूयॉर्क राज्यातल्या जेनेसी मठात ट्रॅपिस्ट संन्याशांसोबत सात महिने, नंतर बोलिव्हिया आणि पेरू, मग हार्वर्ड. कुठेच पाय टिकेना. व्याख्यानाला सभागृह भरायचे आणि रात्री खोलीत हा माणूस एकटेपणाने कासावीस व्हायचा. मैत्रीची त्यांची भूक मोठी होती. ते समलिंगी होते आणि ब्रह्मचर्याच्या व्रताशी प्रामाणिक राहून ही ओढ त्यांनी जवळच्या मोजक्यांनाच सांगितली होती, असे मृत्यूनंतरच्या चरित्रांतून पुढे आले.

येलला असतानाच एक बाई जाँ व्हानिए यांचा नमस्कार घेऊन त्यांच्या दारी आल्या. व्याख्यान हवे असेल, लेख हवा असेल, म्हणून नाउवेन वाट पाहत राहिले. बाईंना काहीच नको होते, नुसता नमस्कार पोचवायचा होता. व्हानिए यांनी १९६४ मध्ये फ्रान्समधल्या त्रोस्ली-ब्रय गावी संस्थेत कोंडलेल्या बौद्धिक दिव्यांगांना घरी आणून सोबत राहायला सुरुवात केली होती. लार्श या नावाने ही चळवळ पसरली. १९७० मध्ये बंगळुरूला ‘आशा निकेतन’ उघडले. कॅनडात टोरोंटोजवळच्या रिचमंड हिलचा ‘डेब्रेक’ हा लार्शचा समुदाय त्याआधी वर्षभराचा. त्याच ओंटारिओ प्रांतात ओरिलियाची बौद्धिक दिव्यांगांना ठेवणारी सरकारी संस्था १८७६ पासून चालू होती. तिथल्या गर्दीवर आणि हेळसांडीवर १९६० मध्ये पत्रकार पिएर बर्टन यांनी लिहिले, तरी ती बंद व्हायला २००९ उजाडले. प्रांताच्या पंतप्रधानांनी माफी मागितली ती २०१३ मध्ये. डेब्रेकच्या लहान घरांचे मोल या इतिहासाशेजारी ठेवल्यावर कळते.

नाउवेन १९८६ मध्ये डेब्रेकला पाळक झाले. त्यांच्या वाट्याला आले अ‍ॅडम आर्नेट : पंचविशीच्या आतला, न बोलणारा, अपस्माराचे झटके येणारा तरुण. सकाळी त्याला उठवायचे, अंघोळ घालायची, दाढी करायची, कपडे चढवून न्याहारीला बसवायचे. घास तो स्वतः खायचा, सावकाश, आणि नाउवेन शेजारी बसून राहायचे. एकदा कुठेतरी जायची घाई होती म्हणून त्यांनी त्याचे हात बाह्यांत भराभर ढकलले, तर अ‍ॅडमला मोठा झटका आला. हळू चल, असेच जणू त्याने सांगितले, असे नाउवेन यांनी नंतर लिहिले. ज्यांना स्वतःच्या घरातली कामेही धड जमत नव्हती, अशा प्राध्यापकाचे हे नवे शिक्षण.

घर मिळाले म्हणून मन सावरले असे मात्र झाले नाही. १९८७ च्या अखेरीस एक जवळची मैत्री तुटली आणि ते पार कोसळले. काही महिने समुदायाबाहेर, विनिपेगमध्ये उपचार घ्यावे लागले. त्या काळातली टिपणे त्यांनी १९९६ पर्यंत छापली नाहीत. मानसशास्त्र शिकवणारा स्वतः रुग्ण झाला आणि डेब्रेकने त्याला परत घेतले. बॉयसनचा धडा इथे प्रबंधाबाहेर आला.

अ‍ॅडम फेब्रुवारी १९९६ मध्ये गेला, वय ३४. त्याच वर्षी २१ सप्टेंबरला नाउवेन नेदरलँड्समधल्या हिल्वरसुमला हृदयविकाराने वारले. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवरच्या रेम्ब्रांटच्या चित्रावर माहितीपट करायला ते सेंट पीटर्सबर्गला निघाले होते.

ज्या माणसाने त्यांना लार्शमध्ये आणले, त्या व्हानिए यांच्याबद्दल २०२० मध्ये लार्शनेच चौकशी अहवाल जाहीर केला : आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून त्यांनी स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या सविस्तर अहवालात अशा स्त्रियांची संख्या किमान २५ निघाली. नाउवेन यांच्या पुस्तकांत व्हानिए ठिकठिकाणी आदराने येतात. ती पाने आता या अहवालांसकट वाचावी लागतात.