जेलीफिश म्हणजे नुसतं पाणी?

सुट्टीत बडोद्याची मंडळी दमण-तिथलला जाऊन आली, की इथल्या मराठी ग्रुपांवर फोटोंच्या मागोमाग एक जुना फॉरवर्ड हमखास येतो: ‘जेलीफिश केवढाही असो, ९५ टक्के पाणीच, जाळ्यात आला तर विरघळून जातो, कोळ्यांचं काही बिघडत नाही.’

आकडा साधारण बरोबर आहे, म्हणून पुढचंही पटतं. पण हे पाणी मोकळं नसतं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या बारीक तंतूंनी ते जेलीत धरून ठेवलेलं असतं. आणि वजन तर पाण्यालाही असतंच की! पूर्व आशियाच्या समुद्रातला नोमुरा जेलीफिश २ मीटर रुंद आणि २०० किलोपर्यंत भरतो. त्याची घनता जवळपास समुद्राच्या पाण्याइतकीच, त्यामुळे पाण्यात तो जड वाटत नाही. जाळं वर ओढलं की सगळा भार दोरांवर. पडताळायचं तर हौदात बुडवलेली भरली बादली हळूहळू बाहेर काढा, मनगटच सांगेल. २००९ मध्ये जपानच्या चिबा किनाऱ्यापाशी असलं भरलेलं जाळं ओढताना १० टनी बोट उलटली होती (खलाशी वाचले).

जाळी फाटतात ते वेगळंच. सोबतचे मासे डंखांनी आणि चिकट स्रावाने खराब होतात, भाव पडतो. डंखपेशी जेलीफिश मेल्यावरही डंख मारतात, तेव्हा वाळूतला तुकडा हाताने नको, काडीने उलटा. आणि हो, चीन-जपानकडे काही जातीचे जेलीफिश मीठ-तुरटीत खारवून चवीने खातात. नुसतं पाणी कोण खारवणार?