थरथरत्या पाटावर गुडघे ताठ नकोत

प्रोफेसर माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाममंदिर ज्या बडोद्यात आहे, तिथे जोर-बैठकांवर वाढलेली मंडळी जिममधल्या थरथरत्या पाटाकडे (व्हायब्रेशन प्लेटकडे) बघून विचारतात, "नुसतं उभं राहून पाय कसे बळकट होणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तर यंत्रापेक्षा उभं राहण्याच्या पद्धतीत जास्त दडलेलं आहे.

डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात, तेव्हा मांडीचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूतले ताण ओळखणारे बारीक तंतू ती खबर मज्जारज्जूला देतात आणि मेंदूचा हुकूम येण्याआधीच पाय उडतो. ३० हर्ट्झवर चालणारा पाट असे छोटे ताण सेकंदाला ३० वेळा देतो. १९६६ साली हागबार्थ आणि एकलुंड या स्वीडिश शास्त्रज्ञांनी स्नायूला कंपन देऊन पाहिलं, तेव्हा तो हळूहळू आपणहून आखडला.

पण खरी गंमत पुढे आहे. कंपन चालू असताना त्याच स्नायूची हातोडीला मिळणारी प्रतिक्रिया मंदावते. पोटरीच्या नसेला विजेचा हलका झटका देऊनही हेच दिसतं. खबरांचा मारा सुरू झाला की मज्जारज्जू येणाऱ्या संदेशाला दारातच आवर घालतो. म्हणजे प्रतिक्षेप, अर्थात मेंदूच्या हुकुमाविना आपोआप उमटणारी ही प्रतिक्रिया, ही ठरावीक मापाची गोष्ट नव्हे. मज्जासंस्था तो प्रसंगानुसार कमी-जास्त करते.

उभं राहण्याचा परिणामही असाच होतो. पालथं झोपल्यावर पोटरीचा हा प्रतिक्षेप मोठा असतो, उभं राहिल्यावर लहान होतो. तोल सांभाळताना पोटरीने प्रत्येक बारीक ताणाला उसळून उत्तर दिलं, तर माणूस डुलतच राहील. म्हणून त्या वेळी मेंदू सूत्रं स्वतःकडे घेतो, असं मानतात.

आता पाटावर या. गुडघे ताठ ठेवले तर हादरा थेट डोक्यापर्यंत पोहोचतो. थोडे वाकवले की मांड्या आणि पोटऱ्या कामाला लागतात, हादरा वाटेतच जिरतो. बैठक मारताना टाचा उचलून चवड्यांवर भार घेतात, तसा थोडा भार चवड्यांवर घेतला तर पोटरीला आणखी काम मिळतं. तरीही बैठकांची जागा हा पाट घेईल, असं मला वाटत नाही. गरोदरपणात, पेसमेकर असल्यास किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यावर चढूच नये.

ट्रॅक्टर किंवा टेम्पो चालवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. बसलेलं शरीर ४ ते ६ हर्ट्झच्या उभ्या हादऱ्यांना सर्वात जास्त साथ देतं, म्हणजे त्यांच्याबरोबर सर्वात जास्त हलतं, आणि तेच हादरे तासन्‌तास कमरेला बसत राहतात. युरोपात ८ तासांच्या कामासाठी अशा कंपनाच्या तीव्रतेची (त्वरणाची) कमाल मर्यादा १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवलेली आहे.